साल एकोणऐंशी, नवी पेठ

तीन दिवस मी त्या बोळात साल एकोणऐंशी लावत होते.
एसीच्या पोटांवर फळ्या ठोकल्या, वर धोतरं वाळत घातली,
डिश अँटेनांना गोणपाटं नेसवली.
'गेटसमोर गाडी लावू नये'ची पाटी नुसती उलटी केली,
मागून ती गंजलेलीच होती.
बुधवारी जुन्या बाजारातून बावीस सायकली आणल्या,
चालणाऱ्या सहा.
एक डायनॅमोवाली. ती पुढे.

दिग्दर्शक म्हणाला, हुबेहूब!
त्याचा जन्म शहाण्णवचा, माझा सत्त्याऐंशीचा.
लांबच्या नातलगाबद्दल ऐकावं
तसं हे साल आम्ही ऐकून होतो फक्त.

दुसऱ्या मजल्यावरचे खांबेटे खाली आले,
हातात दुधाची पिशवी, पायात मुलाचे बूट.
सेटवर फिरले. चष्मा कपाळावर नेला.
"तुमच्या एकोणऐंशीत सगळं एकोणऐंशीचंच आहे."
मी म्हटलं, हो ना!
"तेच चुकलंय.
आमचा रेडिओ बासष्टचा, पूर ओसरल्यावर हप्त्यांनी घेतलेला.
खुर्ची त्याच्याही आधीची, पानशेतच्या पाण्यातून वाचलेली,
एक पाय आखूड, खाली पुठ्ठा.
कॅलेंडर गेल्या वर्षीचं, चित्र बरं होतं म्हणून.
त्या सालचं नवं म्हणाल
तर कुकरची शिट्टी.
कुकर जुनाच."

त्या रात्री मी साल मळवत बसले.
पडदे चहाच्या पाण्यात बुडवले,
कडीभोवतीचं दार तळव्याने घासून घासून काळं केलं,
भिंतीवर एक चौकोन फिका सोडला,
कुणाची तरी तसबीर तिथून काढली असावी असा.
कुणाची, ते पटकथेत नव्हतं.
मला माहीत असल्यासारखी मी खिळ्याचं भोक पाडलं.

चौथ्या दिवशी रॉकेलची रांग.
बायका बोळातल्याच घेतल्या, पाचशे रुपये आणि नाश्ता.
पत्र्याचे डबे मी ओळीत मांडले.
यमुताई झांबरे म्हणाल्या, दोन डब्यांच्या मध्ये वीट ठेव गं,
माणूस घरी गेलं की नंबर वीट धरते.
ठेवली.

ढग आला. ऊन परत येईपर्यंत सगळे थांबले.
यमुताई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या,
"वीट कुणी सरकवली?"
"सरकवली नाही, सरकली," सारंगधर बाई.
"गेल्या खेपेलाही तुम्हीच मधे घुसला होतात."
गेली खेप कधीची, हे कुणीच विचारलं नाही.
सारंगधर बाईंनी पदर खोचला, मग सोडला.
"घुसले होते. रेखा तापाने फणफणली होती,
स्टोव्हमध्ये थेंब नव्हता."
बोळात जनरेटर तेवढा घुरघुरत होता.
"मग तेव्हा का नाही बोललात?"
"तेव्हा तुम्ही विचारलंत कुठे? ओरडलात."

यमुताईंनी पायानेच वीट मागे ढकलली.
एका डब्याइतकी.

कॅमेऱ्यावर टोपी होती तेव्हा.
ध्वनीवाला वडापाव खात होता.
दिग्दर्शक धावत आला, आजी, हेच, अगदी हेच पुन्हा करा ना!
ऊन आलं. केलं त्यांनी.
छान झालं. पहिल्यात ओके.
त्यात रेखाला ताप नव्हता.

सिनेमा लागला. लोक सायकलींबद्दल बोलतात,
काही जण कॅलेंडरबद्दल.
खांबेट्यांनी पास परत पाठवला:
'तेव्हा मी पाहिलंय.'

मी मात्र पॅकअपच्या वेळी फोनवर घेतलेला
अकरा सेकंदांचा एक तुकडा जपून ठेवलाय.
डबे परत गोळा करायचे होते,
म्हाताऱ्या म्हणाल्या, थांब, आम्ही आणतो टेंपोपर्यंत.
डबे रिकामे. पाण्याचाही थेंब नाही.
आणि दोघी चालतायत एका बाजूला कलून,
मोकळा हात लांब धरून,
सांडू नये म्हणून
हळू.