डाव्या हाताची निशाणी

बहला गावात, मातीच्या लांबलचक तटाखाली,
जो म्हणे जिनांनी एका रात्रीत उभा केला,
आमचं दुकान: टायपिंग, तर्जुमा, झेरॉक्स.
एसी गळतो. त्याच्या खाली मालकाने
श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय.

मी डावरी.
गुहागरच्या मदरशात हाफिजसाहेब म्हणायचे,
सैतान डाव्या हाताने जेवतो,
तू निदान लिहू तरी नकोस.
मराठी शाळेत बाईंचं कारण वेगळं होतं,
छडी तीच.
भिंतीवर सुविचार: सुंदर अक्षर हाच दागिना.
आणि माझा हात ओल्या शाईवरूनच सरकायचा,
क ला काजळ, ख ला काजळ,
घरी जाताना करंगळीपासून मनगटापर्यंत
अख्खी बाराखडी उलटी उमटलेली.

अरबी लिहायला लागले तेव्हा कळलं,
इथे हात पुढे चालतो
आणि अक्षरं मागे निवांत वाळत राहतात.
एक डाग नाही.
एवढी वर्षं मी चुकीच्या दिशेच्या गावात होते.

गुरुवारी सईद बिन खलफान येतात.
काम नसतं, गारव्याला बसतात.
त्यांचे वडील ताविज लिहायचे,
चिनी बशीत केशराच्या शाईने,
मग ती बशी धुऊन
ते पाणी तापकऱ्याला पाजायचे.
मी एकदा विचारलं, सैतानाचं अक्षर कसं असतं?
हसले. दात दोनच.
त्याला लिहिता येत नाही, बिन्ती.
येत असतं तर केव्हाच सापडला असता.
तो नुसता सांगतो.

काल बिरुदेव हक्के आला. गवंडी, तालुका जत.
प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला.
ताई, वाचून दाखवा, माझाच आहे म्हणतात.
वाचला:
चौदा महिन्यांचा पगार पोचला,
तक्रार नाही,
स्वखुशीने मायदेशी जात आहे.
खाली निळा अंगठा.
जतच्या तहसिलीतही डावाच लागतो,
निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची;
ज्या हाताने घास घेऊ नये
खात्री मात्र त्याच हाताची.

कधी दिलास हा?
आल्या आल्या, म्हणाला, चार कागदांवर.
कोरे होते. म्हणाले, मजकूर मागनं घालू.

तेव्हा मला शेवटची ओळ दिसली.
बाकीच्या ओळींपेक्षा बारीक.
ती मी बारीक केली होती.
रमजानच्या आधी, कंपनीचा माणूस,
कागदांची चळत, खाली आधीच निळे अंगठे.
तो फोनवर बोलता बोलता मजकूर सांगत होता.
एक ओळ अंगठ्यावर चढत होती,
मी अक्षर दोन पॉइंटने उतरवलं.
नेमकं बसलं.
म्हणाला, सफाई आहे हाताला.
कागदामागे तीनशे बैसा.

हे बिरुदेवला सांगितलं का?
सांगितलं.
तो बराच वेळ श्रीखंडाच्या डब्याकडे बघत राहिला.
थेंब पडला. अजून एक पडला.
मग म्हणाला, बसवलंय मात्र झकास, ताई.

मी संगणक बंद केला.
कागद घेतला, वरून सुरुवात केली, उजवीकडून.
कामगार खात्याच्या साहेबांना.
त्या माणसाचं नाव, आठवेल ती तारीख,
किती कागद, कोणत्या यंत्रावर, कुणी.
नेहमीसारखी स्वच्छ अरबी.
सगळ्यात खाली सही मराठीत केली,
नसीबा अब्बास मुकादम,
डावीकडून, ओल्या शाईवरून हात ओढत.
नावाला शेपूट फुटलं. तळव्याला मुकादम लागला.

साहेब मानतील का, माहीत नाही.
मालक उद्या मला ठेवेल का, तेही नाही.
बिरुदेवने निळ्या गादीवर अंगठा टेकवला.
लावू?
थांब, म्हटलं, आधी वाचून दाखवते.
मी एकेक वाक्य अरबीतून मराठीत उतरवत गेले,
आणि तो अंगठा हवेत धरून
शेवटपर्यंत ऐकत राहिला.