नाव सापडलं नाही

देवगड, आनंदवाडीचा धक्का,
त्यामागं बर्फाच्या कारखान्याची माडी.
वर मी आणि एक जुना लॅपटॉप,
कीबोर्डात खारं वारं शिरून
ज्याचा ‘र’ दोनदा दाबावा लागतो.

खाली कॉम्प्रेसर धापा टाकतोय.
उद्यापासून लाद्यांची बिलं ह्यातनं निघायची,
आणि आजच एका लादीचे दोन भाव निघाले.
म्हणून बिलं बाजूला सारली
आणि आठ ओळींची चाचणी लिहिली.

सगळ्यात वर, उघड्यावर: दर नव्वद.
त्याखाली हिशेब नावाचं फंक्शन.
ते दर विचारतं, स्वतःजवळ ठेवत नाही.
मग दुसरं, धक्का नावाचं,
त्याच्या पोटात दर एकशेवीस,
आणि तिथूनच हिशेबाला हाक.

आता बोल, कुणाचा दर घेशील?
जिथं लिहिला गेलास तिथला,
की ज्यानं हाक मारली त्याच्या उंबऱ्यातला?

एंटर.
नव्वद.

म्हणजे हा मंगळूरच्या ट्रॉलरवर गेलेला आपला खलाशी.
तिथं कुणी नुसतं ‘देवी’ म्हटलं
तरी ह्याचे हात दिर्बादेवीला जोडलेले.
आधी घरात शोधेल, मग वाडीत, मग गावात;
ज्या बोटीवर उभा आहे
तिच्या तांडेलाला नाही विचारणार.

तेच मग टर्मिनलच्या जुन्या भाषेत लिहिलं.
दर धक्क्यापुरताच, असं बजावूनसुद्धा
उत्तर एकशेवीस.
ज्याची खाल्ली पोळी, त्याची वाजवली टाळी.
वहीत दोघांची नोंद केली.
शहाणा कोण, ते लिहिलं नाही.

भूक लागली होती. तरी आणखी एक.
पाच नौका, एकाच फेऱ्यात पाच फंक्शनं,
जिनं तिनं आपलं नाव सांगायचं:
रवळनाथ प्रसाद, येसूबाय, दर्यादौलत,
मोरयाकृपा, अल सफिना.
फेरा संपल्यावर एकेकीला विचारलं.
अल सफिना.
अल सफिना.
अल सफिना.
पुढचं वाचलंच नाही.
शफीभाईंनी ऐकलं असतं तर छाती फुगली असती,
पाची बोटींचं बिल हातात पडेपर्यंत.

फंक्शनांची चूक नव्हती.
त्यांनी नौका धरलीच नव्हती,
खुंटा तेवढा लक्षात ठेवला होता.
फेऱ्यानं खुंट्याला शेवटी जी बांधली
ती पाचांना दिसली.

बाबा डबा घेऊन जिना चढले तेव्हा
मी वरची दराची ओळ पुसून पाहत होते.
घरात नाही, वाडीत नाही, गावात नाही.
स्क्रीनवर लाल अक्षरं.
काय म्हणता तो, बाबांनी विचारलं.
मी मराठी करून सांगितलं:
नाव सापडलं नाही.

बाबा जरा थांबले.
‘गावलां नाय, की गावली नाय?’

कॉम्प्रेसर तेवढ्यात बंद पडला, नेहमीसारखा,
आणि एकदम समुद्र ऐकू आला.

डब्यात बांगड्याचं तिखलं, भाकरी.
मी जेवत होते, ते वाकून यादी वाचत होते,
एकेका अक्षरावर बोट ठेवून,
जाळं तपासावं तसं.
दुसऱ्या नावावर बोट अडलं.
‘हिका बरफ कित्याक गो?
ही आता वेरावळाक.’

खरंच की. गेल्या दिवाळीला विकली.
रंग बदलला असेल, नावही.
घरी आम्ही अजून ‘होडी’ म्हणतो
आणि दाखवतो ती फायबरची, सहा जणांची.
शब्द तोच. मीच तो तपासला नव्हता.

ते खाली कॉम्प्रेसर बघायला गेले.
मी येसूबायची ओळ पुसली.
मग पुन्हा लिहिली,
दर शून्य,
ओळीच्या पोटातच, बाहेरून न घेता.
चालवून पाहिलं.

लाल काही आलं नाही.