पाणी कुठलं?

सुपरवायझरनं दोन बोटं माझ्या गालावर टेकवली,
म्हणाला, इथून थिनर आत जातो.
सोमवारी मास्कची टेस्ट. दाढी नको.
पेंट शॉपमध्ये एवढं बोलणं पुरतं.

चार वर्षांची दाढी.
मशीन फिरवायचं, कडेला रेघ मारून घ्यायची,
वस्तरा नेहमी दुसऱ्याच्या हातात.
आता रोज, पाच चाळीसच्या बसआधी,
माझ्याच हातानं. सलूनला रोज साठ रुपये
कुठल्या झाडाचे तोडू?

शनिवारी संध्याकाळी बोहरी आळी.
दोरखंड, कुलपं, नरसाळी ओलांडून
हुजेफाभाईंचं चार फुटी दुकान.
काचेमागे एक ब्रश, शिसवी मुठीचा,
पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखा बसलेला. अठराशे.
मी बघतोय हे त्यांनी बघितलं
आणि काच सरकवलीच नाही.

पहिल्यांदाच?
हो.
मग हा घ्या, पंचेचाळीस. नायलॉन आहे,
कुठल्या जनावराचा केस नाही, सगळ्यांना चालतो.
मनगटावर गोल फिरवून दाखवला.
दोन केस गळाले, ते फुंकले.
अजून चार-पाच जातील, मग थांबेल.
(स्वतःच्या टकलावरून हात फिरवत)
आपल्यासारखं नाही.

मी ट्यूबकडे हात नेला.
ट्यूब महिन्यात पिळून संपते, म्हणाले, वडी न्या,
वडी चार महिने पुरून उरते.
वास बघा. चंदन म्हणतात त्याला.
चंदनाला विचारलेलं नाही.

आणि फेस करायला वाटी द्या.
तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला.
घरात वाटी नाही?

पैसे गल्ल्यात टाकता टाकता विचारलं,
पाणी कुठलं?
मला वाटलं, गाव विचारतायत. म्हटलं, बार्शी.
तसं नाही हो. नळाला. कॉर्पोरेशनचं की बोअरचं?
मोशी. टँकर.
त्यांनी मान हलवली,
एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर हलवतात तशी.
फेस नाही आला तर साबणाला शिव्या देऊ नका.

दिल्या.
रविवारी पहाटे, बादलीवर वाकून,
डब्यातली कोशिंबिरीची वाटी हातात घेऊन
पाच मिनिटं घुसळत होतो.
फेस कसला, नासलेलं दूध.
कडेला पांढरे कण, मध्ये करडं पाणी,
गालावर लावलं तर वाळून ताणलं.
गादीवरून सिद्राम म्हणाला, ताक झालं का?

मग जार तिरका केला.
वीस लिटरचा, पस्तीस रुपयांचा, प्यायचा.
सिद्राम उठून बसला. प्यायचं पाणी दाढीला?
दोनच घोट, म्हटलं, माझ्या वाटणीचे.

ब्रश पिळला. वडीवर फिरवला. घाई केली नाही.
आधी खरखर.
मग ओली सळसळ.
मग ब्रश फिरतोय आणि आवाजच नाही.
वाटी कधी भरली कळलं नाही,
उलटी धरली तरी सांडेना.

दोनदा कापलं, हनुवटीखाली, तुरटी झोंबली.
आरशात दोन रंगांचा माणूस:
वरचा उन्हातला, खालचा कधी बाहेर न पडलेला.
वाटीत निम्मा फेस शिल्लक.
टाकू नको, सिद्राम म्हणाला,
आणि ज्या पाण्यावरून तो भांडला होता
तेच गालाला लावून बसला.

सोमवारी डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घातली,
आत कडू फवारा मारला. जोरात श्वास घ्या.
मान वर. मान खाली. बोलत राहा, काहीही.
मी सत्तावीसचा पाढा म्हटला.
कडू लागतंय?
नाही.
तिनं कागदावर टिक केली, पुढचा.

दुपारी वाळिंबेकाकूंचा डबा उघडला.
पोळ्या, मटकी, वर वाटीत काकडीची कोशिंबीर.
विसळली होती मी वाटी. दोनदा.
एक घास घेतला आणि थांबलो.
कडू नव्हती.
चंदन म्हणतात त्याला.