कलम

दिवसभर मी कलमं टाइप करते,
दिंडोशीच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
साहेब सांगतील तशी, स्वल्पविरामासकट.
कलम मातीतही लावतात, हे ऐकून होते,
पण ते ज्यांना अंगण आहे त्यांचं काम.
आणि लॅव्हेंडर म्हणजे
आमच्या बाथरूममधलं जांभळं फिनेल.

हिल्डाबाई क्रियाडो, वय एकोणऐंशी,
राहणार आंबोली गावठाण,
वाटपाच्या दाव्यातल्या प्रतिवादी क्रमांक तीन,
डिसेंबरच्या तारखेला आल्या
त्या ओल्या रुमालात आठ काड्या घेऊन.
"तुज्या खिडकीत ऊन येतं का गो?"
मी म्हटलं, पक्षकाराकडून काही घेत नाही आम्ही.
"ह्यात काय घेणं? ह्याला अजून मूळ पण नाय."

यावर काय बोलणार.
घेतल्या.

जेवणाच्या सुट्टीत, पायऱ्यांवर बसून त्यांनी सांगितलं:
फुलावर आलेली काडी नको, तिचं लक्ष वर असतं.
गाठीच्या जरा खाली काप, ब्लेडनं; कात्री चिरडते.
खालची पानं काढून टाक, वरची चार ठेव.
टोकाला दालचिनीची पूड,
अर्धी माती, अर्धी रेती, चौपाटीची नको, तिच्यात मीठ.
आणि पाणी...
पाणी घालावंसं वाटलं की हात मागं बांधून उभी राहा.

मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं.

खिळा तापवून श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली.
वर एक बरणी उपडी,
तिच्या आत सकाळी धुकं दिसायचं,
नागरी निवाऱ्यात दिसतं त्याहून जास्त.

पहिल्या आठवड्यात दोन काड्या बुंध्याशी काळ्या पडल्या,
शाईत बुडवल्यासारख्या.
मग मी बरणी काढली, तर वरच्या गोडांब्यांचे टॉवेल ठिबकले:
आणखी तीन.
सहावीला नवं पान फुटलं.
जानेवारीच्या तारखेला मी डायसजवळून
हिल्डाबाईंना मान हलवून कळवलंसुद्धा.
ते पान खोटं निघालं.
काडी स्वतःच्या अंगातलंच खाऊन पान काढते,
खाली काही नसताना.
अशा साक्षी मी पुष्कळ टाइप केल्यात.

सातवी मी मारली.
एका रविवारी राहवलं नाही, उपटून पाहिली.
दोन पांढरे धागे, केसाहून बारीक,
त्यातला एक माझ्या बोटाला चिकटून आला.
पुन्हा खोचली, माती दाबली,
कुणी पाहिलं नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

आठवीला मी विसरले.
मार्चएंडच्या धावपळीत खरंच विसरले.
डबा पुसायला उचलला तर एका भोकातून
काहीतरी पांढरं लोंबत होतं.
काडीला वरून हलकं ओढलं.
तिनं ओढून धरलं.

हिल्डाबाई दाव्याचं मला कधीच काही विचारत नाहीत.
वकील मुदत मागत असतात
तेव्हा त्या माझ्याकडे बघून
दोन बोटं जमिनीकडे करतात: मूळ?
एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा हो म्हटलं.
त्या इतक्या मोठ्यानं हसल्या
की साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

पावसाळाभर माझं रोप पंख्याखाली होतं.
त्यांचं मोठं झाड, मुलीनं उटीहून आणलेलं,
ओसरीत जुलैमध्ये सडलं.
"हितली हवा त्याला सोसवंना.
मी तरी किती पुसणार त्याला?"
एवढंच म्हणाल्या, आणि पुढची तारीख लिहून घेतली.

आज पुन्हा डिसेंबर.
माझ्या खणात, कार्बनच्या बाजूला,
ओल्या रुमालात चार काड्या आहेत.
गाठीच्या जरा खाली, ब्लेडनं.
पक्षकाराकडून काही घेऊ नये, असा नियम आहे.
पक्षकाराला काही द्यावं की नाही,
याबद्दल तीन पुस्तकं चाळली.
कलम सापडलं नाही.

बोर्डावर त्यांचा नंबर एकतीस.
आता कुठे चौदावा चाललाय.
रुमाल झिरपतोय, खणातल्या कोऱ्या कागदांवर
एक ओला गोल हळूहळू मोठा होतोय,
आणि हाताला फिनेलचा नाही,
दुसराच वास येतोय.