आसनाखालची वाळू

शारजात, इंडस्ट्रियल एरिया सहामध्ये,
शटर अर्धं खाली ओढून
(इथलं ऊन वरून कमी, जमिनीवरून जास्त येतं)
चौऱ्याऐंशीची मर्सिडीज उघडून बसलोय.
उघडून म्हणजे दार नव्हे.
दार कुणीही उघडतं.

आधी छत.
कापड पोटासारखं लोंबलेलं.
बोट लावलं तर आतला फोम
पिवळा भुगा होऊन डोक्यावर.
स्वातचा गुलजमान पत्रा ठोकता ठोकता म्हणाला,
आज लग्न दिसतंय तुझं.

डॅशबोर्ड म्हणजे भेगाळलेली टाच.
लाकडी पट्टीवरचं लाखेचं पाणी
कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं.
सगळ्या गाडीला अजून बखूरचा वास,
चाळीस वर्षं मुरलेला. तो मात्र कशानं निघत नाही.
आणि काढ असं कुणी म्हटलंही नव्हतं.

मग सीट.
कड्या एकेक पक्कडीनं सोडवल्या,
चामडं सोललं,
आणि आत काय, तर काथ्या!
नारळाचा काथ्या, रबरात बुडवून दाबलेला.
समोरच्या टायरवाल्या शाजीला हाक मारली.
त्यानं चिमूट तोडली, नाकाशी नेली,
डोळे मिटले.
जर्मन गाडी, म्हणाला, आणि बसायला आमची अलप्पी.

चामडं इटलीचं मागवलं, गुळाच्या रंगाचं.
शिलाई मशीनवर. पण कोपऱ्यात मशीन वळत नाही,
तिथं आरी.
आरी बापाची. मूठ बाभळीची, त्याच्या घामानं काळी.
बापानं कापशीत जन्मभर चपला शिवल्या.
पहिल्या वर्षी फोनवर त्याला सांगितलं,
गाडीच्या सीटा शिवतो.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, म्हणजे बसतात त्यावर लोक?
बरंय.
आपलं सगळं पायाखालीच गेलं.

अकराव्या दिवशी खलफान आले.
गाडी त्यांच्या वडिलांची.
चपला बाहेर काढून आत बसले,
मशिदीत शिरावं तसे.
(चपलेचा अंगठा एका बाजूनं उसवलेला,
मी न सांगता पाहून घेतला.)
छताकडे बघितलं, पट्टीवरून तळवा फिरवला,
मान हलवली.
मग वाकून मॅटखाली बोटं घातली
आणि विचारलं,
वाळू कुठंय?

कसली वाळू?
सीटखालची.
वडील दर गुरुवारी लाल टेकड्यांकडं न्यायचे.
मी मागं, अनवाणी.
ती टेकडी आता नाही. तिथं व्हिला झालेत.

मी काय बोलणार?
पहिलं काम तेच केलं होतं.
व्हॅक्युम लावून चकचकीत.
दोन खजुराच्या बिया, एक बटण,
आणि वाळू, तीन ओंजळी भरतील एवढी.
पिशवी मागच्या पिंपात.

बाहेर वाळूला काय तोटा!
डबा भरून आणला असता, कुणाला कळलं असतं?
गुलजमाननं डोळ्यांनी तेच सुचवलं.
पण माणूस अजून अनवाणीच बसला होता.

पिंप उपडं केलं.
चहाच्या गाळणीनं गाळत बसलो,
फोमचा भुगा, दोऱ्याची टोकं, कातरलेलं चामडं,
ग्राईंडरचा काळा कीस.
मूठभर निघाली. रंग लाल की करडा,
ट्यूबलाईटखाली ठरेना.
नेऊन दिली, म्हणालो,
साहेब, यात आमच्या दुकानाचीही आहे थोडी.

त्यांनी तळहातावर घेतली. अंगठ्यानं पसरली.
बराच वेळ.
मग स्वतःच खाली वाकून
ड्रायव्हरच्या सीटमागं सोडली,
जिथं लहान मुलाचे पाय पोचतील तिथं.
वरून कार्पेट मी लावलं.
क्लिपा सात. सातवी बसेना, तिसऱ्यांदा बसली.

निघताना त्यांनी पैसे मोजले नाहीत, मीही नाही.
चपलेचा अंगठा तेवढा शिवून दिला,
उभ्या उभ्या, चार टाके.

रात्री खोलीवर बूट झटकले दाराबाहेर.
पडली थोडी.
कुठली म्हणून सांगू?