हे बरं, का ते?

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत
दाराच्या पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं.
आई आत पाला निवडायची, शिंकायची,
मी सात वर्षांचा, पोत्यांच्या थप्पीला टेकून
समोरच्या भिंतीवर उलटा रस्ता बघायचो.
सायकलवाला आभाळाला चाकं लावून जायचा,
म्हैस पाय वर करून,
आणि दुकानाची पाटी, वर कन्नड, खाली मराठी,
तिथं मराठी वर, कन्नड खाली,
आणि दोन्ही वाचता न येणाऱ्या.

आता मी चष्म्याचे नंबर काढतो.
आज अक्कोळच्या शाळेत शिबिर.
समोर यल्लुबाई तोडकर, वय विचारलं तर म्हणाली, लिव्ह साठ.
माझा तक्ता दोन तोंडांचा,
एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला मराठी.
कुठली बाजू लावू, मावशी?
"कुठलीबी लाव, मला दोन्ही सारखीच."

मग तो तिसरा तक्ता, मोडक्या फण्यांचा.
दात कुठल्या बाजूला, बोटांनी दाखवा.
तिची बोटं पिवळी, चटपटीत,
हवेतसुद्धा विडी वळल्यासारखी वळतात.

नाकावर लोखंडी चौकट, भिंग घालतो, काढतो.
हे बरं, का ते?
"परत दाव."
हे?
का हे?
"दोन्ही बरी हायत. तू दमलास व्हय?"

मावशी, उजेड बुबुळावर वाकतो,
बाहुलीतून आत शिरतो,
तिथं भिजल्या हरभऱ्याएवढं भिंग, भोवती स्नायूचं कडं.
जवळचं बघायचं तर कडं आवळतं, भिंग फुगतं.
लांब बघितलं की विसावतं.
चाळीस वर्षं तुम्ही सुपात बघितलंत,
वीतभर अंतर, दिवसाला हजार विड्या,
लांब बघायला कुणी सांगितलंच नाही.
आता भिंग ताठ झालंय.
कडं ओढतंय, ते ऐकत नाही.

"आणि चित्र?"
मागच्या पडद्यावर पडतं. उलटं.
"उलटं?" ती चौकटीसकट माझ्याकडं वळली.
"मग सुलटं कोण करतंय?"

मी जरा अडखळलो.
पुस्तकात मेंदू लिहिलंय.
मला वखारीतली म्हैस आठवली.
कुणी धरून नाही करत, मावशी.
भुई कुठं आहे ते हाताला ठाऊक असतं,
डोळा हाताबरोबर राहून शिकतो.
"म्हंजे डोळा अडाणीच की," ती म्हणाली,
खूश झाल्यासारखी.

अधिक अडीच.
चष्मा घालून आधी तिनं दाराबाहेर बघितलं.
"शाळेची पाटी पुसली रं!"
लांबचं बघताना काढायचा.
"ऱ्हाऊ दे, कुठं वाचायची हाय."

मग पावती हातात घेतली,
उलटी. मी सुलटी केली नाही.
वीतभर अंतरावर धरून
एका अक्षरावर नख फिरवत राहिली.
"ह्याला पोट हाय," म्हणाली.
"इतकी वर्सं मला वाटायचं, मुंग्या हायत."