मीठ बघ जरा

शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी कफर्णहूम वसवते आहे. दोन वर्षं झाली.
सरोवर झालं, जाळी झाली, जकातनाका झाला,
रोमी शिपायाच्या वहाणेचे खिळेसुद्धा मोजून ठोकले.
अडले आहे ती एका चुलीपाशी.

शुभवर्तमानात एवढंच :
शिमोनाची सासू तापाने पडली होती,
त्याने हात धरून उठवलं,
ताप निघाला, आणि ती त्यांची सेवा करू लागली.
काय रांधलं, ते नाही.
लिहिणारे पुरुष. जेवले असतील, उठले असतील.

रविवारी उपासना सुटली की
सापन नदीच्या अंगाला, देवळामागच्या दोन खोल्यांत
सलोमीआत्याला वाचून दाखवते.
डोळे गेलेत तिचे. कान मात्र पोलीसपाटलाचे.

'सातूची भाकर,' मी वाचते, 'जैतुनाचं तेल,
निखाऱ्यावरची मासळी, वाळले अंजीर...'
'जैतून कसं लागते वं?'
मला काय माहीत.
जवसाचं तेल हुंगत हुंगत लिहिलंय मी ते पान.
आधी तर भाकर ज्वारीचीच होती,
सोबत अंबाडीची भाजी, वर ठेचा;
मग एका रात्री लाल शाईने
भरलं ताट उचललं पाहुण्यांपुढून.
'ज्वारी नव्हती, आत्या, तिथे.
आणि मिरची तर समुद्रापल्याड.
यायला अजून दीड हजार वर्षं होती.'

आत्या गप्प.
मग म्हणते, 'बिनामिरचीचा चमत्कार!'
आणि हसता हसता तिला असा ठसका लागतो
की तांब्या तोंडाला लावावा लागतो.

पदराने तोंड पुसून म्हणते,
'मले टायफाईड झालता. परतवाड्याच्या दवाखान्यात
एकवीस दिवस. घरी आली त
तोंडात जशी कोनं राख भरून ठेवली.
पोट्टे उपाशी. उठली, वरण टाकलं.
मीठ टाकलं का नाई, समजेच ना.
दोनदा टाकलं असन, तीनदा टाकलं असन.
तापानंतर जिभेवर इस्वास राहत नाई, बाई.'

'मग?'

'मंग काय. शांतवन मास्तर दारात उभे,
मायासाठी प्रार्थना कराले आलेले.
डोळे मिटून, हात असे पसरून.
मी पळीभर वरण त्याईच्या हातावरच टाकलं.
म्हनलं, मास्तर, मीठ पाहा जरा.
त्याईनं डोळे नाई उघडले. चाटलं,
न् म्हने, आमेन.'

त्या रात्री लाईट गेली दहाला.
मेणबत्तीशी मी जुनं पान फाडलं,
नवं मांडलं : धूर. ओट्यावर पाच-सहा माणसं,
खारट वाऱ्याची, दाढ्यांत खवले अडकलेली.
बाईचे गुडघे अजून लटपटतात,
अंगावर तापाचा घाम वाळतो आहे,
आणि कालवण उकळतंय, आणि तिला चव येत नाही.
लेकीला हाक मारते. लेक विहिरीवर.
सगळ्यात जवळ उभा आहे तो,
ज्याने मघाशी हात धरून उठवलं.
जावयाचा पाहुणा. पहिल्यांदाच घरी आलेला.
विचारावं का? ती विचारते.
लाकडी चमचा पुढे करते : मीठ बघ जरा, बाबा.

तो हात पुढे करतो.

तो काय म्हणाला, ते मला अजून सुचलेलं नाही.
'आमेन' तर त्याला म्हणता येणार नाही, मास्तरांचं आहे ते.
रविवारी आत्याला विचारीन.
तोवर एवढंच लिहून ठेवलंय, की कालवण
नुकतंच चुलीवरून उतरलेलं होतं
आणि चटका बसला असणार
त्या तळहाताला,
जो अजून कोरा होता.